उरलेल्या 112 तासांचं काय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: खानापूर तालुक्यातले 34 वर्षांचे एक वाचक अकरा वर्षं गाडीवर आहेत. सध्या 16 चाकी. बेळगावच्या उद्यमबागेतलं कास्टिंग भरून चेन्नई, पुणे, कधी राजकोट. महिन्यातले वीस-बावीस दिवस बाहेरच जातात. बेळगावातल्या एका एजंटानं त्यांना पोलंडमध्ये ट्रक चालवण्याची नोकरी देऊ केली आहे. पगार 'महिना दोन लाख', खर्च साडेसहा लाख. त्यातले तीन लाख आत्ता, उरलेले व्हिसा आल्यावर. वडील 30 गुंठे जमीन खाजगीत गहाण टाकायला तयार आहेत. मेहुणा सौदीत ट्रेलरवर आहे, तो तिकडे बोलावतो. बायकोचा दोन्हीला विरोध आहे. ते विचारतात, "नाहीतरी मी घरी नसतोच. चेन्नईला असलो काय नि पोलंडला असलो काय! गाडी चालवणं तर तेच. हिला कसं समजावू?"

बायकोला कसं समजावायचं, हा तुमचा प्रश्न आपण शेवटी घेऊ. आधी तुमच्या पत्रातली दोन वाक्यं पुन्हा वाचू, कारण सगळा बेत त्यांच्यावरच उभा आहे. एक, 'गाडी चालवणं तर तेच'. दुसरं, 'नाहीतरी मी घरी नसतोच'.

आज तुम्ही संध्याकाळी ताडपत्री आवळून निघता आणि चेन्नईपर्यंतचे आठशेहून जास्त किलोमीटर होता होईल तेवढ्या कमी थांब्यांत काढता. खेप लवकर झाली की पुढचं भाडं लवकर. झोप मारून गाडी वेळेत पोचवणं हे अकरा वर्षांत अंगात मुरलेलं कसब आहे. युरोपात नेमका त्याच गोष्टीला दंड होतो. तिथं गाडीत टॅकोग्राफ, म्हणजे गाडी किती चालली, किती थांबली याची नोंद ठेवणारं यंत्र, असतं आणि त्यात तुमच्या नावाचं कार्ड घालून बसायचं असतं. साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबायचं. हे थांबणं आधी 15 आणि मग 30 मिनिटं असं तोडता येतं, उलट क्रमानं धरत नाहीत. दिवसाला 9 तास, आठवड्यातून दोनदाच 10. आठवड्याला 56 तास आणि सलग दोन आठवड्यांचे मिळून 90. रोज 11 तास विश्रांती, ती दोन साप्ताहिक विश्रांत्यांच्या मधे फार तर तीनदा 9 तासांवर आणता येते. आठवड्याची पूर्ण विश्रांती 45 तासांची, आणि ती केबिनमध्ये झोपून काढायला बंदी आहे. राहण्याची सोय मालकानं करायची. तपासणीला अडवलं की आजचा आणि मागच्या 56 दिवसांचा हिशेब दाखवावा लागतो. दीड महिन्यापूर्वी अर्धा तास जास्त चालवलेलं आज सापडतं, आणि बऱ्याच देशांत दंड कंपनीसोबत ड्रायव्हरलाही बसतो.

आता साधी वजाबाकी करा. आठवड्याचे तास 168. चाक फिरणार जास्तीत जास्त 56. उरलेले 112 तास गाडी उभी. त्यातले काही भरती-उतरणीत जातील, बाकीचे पार्किंगमध्ये. जर्मनीत साडेसात टनांवरच्या गाड्यांना रविवारी रात्री दहापर्यंत रस्त्यावर यायला बंदी असते, म्हणजे अख्खा रविवार एका जागी. डिसेंबरात चार वाजताच अंधारतं, बाहेर गारठा, आणि शेजारच्या केबिनमधला माणूस वेगळीच भाषा बोलणारा. आपल्याकडे ढाब्यावर उतरलं की चहा पिईपर्यंत निपाणीचा नाहीतर संकेश्वरचा कुणीतरी भेटतोच. तिथं तसं नाही. नवीन ड्रायव्हर बहुतेक या उभ्या तासांनी खचतो, स्टिअरिंगनं कमी. तुम्ही पगाराचा हिशेब केलाय, या 112 तासांचा केलेला नाही.

एक बारीक गोष्ट सांगते, कारण घर सांभाळायला तीच उपयोगी पडते. पोलंडचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं, उन्हाळ्यात साडेतीन. तुम्ही संध्याकाळी सहाला गाडी लावून फोन कराल तेव्हा खानापुरात साडेदहा वाजलेले असतील आणि पोरं झोपलेली असतील. म्हणून घरच्या फोनची वेळ दुपारच्या 45 मिनिटांच्या थांब्यात बांधा. तिथले बारा म्हणजे इथले साडेचार, शाळा सुटलेली. आणि स्वयंपाक करायला आत्ताच शिका. तिथले लांब पल्ल्याचे ड्रायव्हर ट्रेलरच्या कडेच्या पेटीत छोटी शेगडी, कुकर, तांदूळ-डाळ ठेवतात. रोज हॉटेलात जेवलात तर भत्ता तिथंच संपेल.

गाडीही वेगळी. तुमची 16 चाकी एकसंध आहे. तिथं ट्रॅक्टर, म्हणजे पुढची ओढणारी गाडी, आणि 13.6 मीटरचा ट्रेलर, मिळून साडेसोळा मीटर लांबी, भरलेलं वजन 40 टन. रस्त्याची उजवी बाजू, स्टिअरिंग डावीकडं. पुढं चालवायला माणूस महिन्याभरात सरावतो. अडतो तो उलटं घेताना, कारण स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवाल त्याच्या विरुद्ध बाजूला ट्रेलरची शेपटी जाते आणि डॉकवर, म्हणजे माल चढवा-उतरवायच्या फलाटावर, इंचाचा हिशेब असतो. दुसरी अडचण उजवीकडं वळताना. त्या बाजूचा मोठा भाग तुम्हाला दिसतच नाही, आणि सायकलवाला नेमका तिथंच असतो.

कास्टिंगवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. आपण जड माल स्वतःच्या वजनानं बसतो असं धरून चालतो. तिथं नियम आहे की ब्रेक लागल्यावर माल पुढं सरकू नये म्हणून त्याच्या वजनाच्या 0.8 पट जोर धरून ठेवता आला पाहिजे, बाजूला आणि मागं 0.5 पट. 24 टन मालाला पुढच्या दिशेनं 19.2 टनांचा जोर. तो घर्षण, पुढची भिंत आणि माल बांधायचे पट्टे मिळून भरून काढायचा असतो. म्हणून खाली रबराची चटई घालतात. तिनं घर्षण वाढतं आणि पट्टे कमी लागतात. पट्ट्यावरची निळी चिठ्ठी फाटली असेल तर तपासणीत तो पट्टा बाद.

हिवाळ्याचंही थोडं. ज्याला आपण गाडीचा युरिया म्हणतो, धूर साफ करायला टाकीत ओततात तो, उणे 11 अंशांना गोठतो. डिझेल हिवाळ्याचं वेगळं मिळतं, उबदार देशात टाकी फुल्ल करून थंडीत शिरलं की फिल्टर तुंबतो. सकाळी निघण्याआधी ट्रेलरच्या छतावरचा बर्फ काढायचा, नाहीतर तो उडून मागच्या गाडीच्या काचेवर पडतो आणि जबाबदार तुम्ही.

आता कागद. तुमचं आरटीओचं अवजड लायसन्स युरोपात ट्रकच्या नोकरीला पुरत नाही. तिथलं सी (ट्रक) आणि सीई (ट्रेलर जोडलेला ट्रक) गटाचं लायसन्स लागतं. त्यावर 'कोड 95' ही व्यावसायिक पात्रतेची नोंद लागते. तिचं पूर्ण प्रशिक्षण 280 तासांचं, जलद 140 तासांचं, आणि पुढं दर पाच वर्षांनी 35 तास. शिवाय टॅकोग्राफचं कार्ड, आणि युरोपबाहेरच्या ड्रायव्हरसाठी मालकानं काढायचं ड्रायव्हर प्रमाणपत्र. हे सगळं उरकायला काही महिने आणि हजारो युरो लागतात. कोणत्या भाषेत परीक्षा, खर्च कुणाचा, आणि तेवढे महिने पगार किती, हे तीन प्रश्न एजंटाला विचारा. 'इंटरनॅशनल परमिट काढून देतो, लगेच गाडीवर' असं उत्तर आलं तर तिथंच उठा. ते परमिट आपलं आरटीओ हजार रुपये फी घेऊन देतं, एक वर्षापुरतं, आणि त्यावर तिथं मालाचा ट्रक चालवून पोट भरता येत नाही.

एजंटाविषयी कायदा स्पष्ट आहे. परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्यानं 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी केलेली असली पाहिजे, देश कुठलाही असो. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे, नोंदणी स्थगित किंवा रद्द झालेल्यांचीही. दुसऱ्या कुणाच्या नंबरावर आम्ही काम करतो, असं सांगणारा उपएजंट कायद्यात बसत नाही. नोंदणीकृत एजंटालाही सेवाशुल्क घेता येतं ते जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400. तुमच्याकडं मागितलेले साडेसहा लाख कशाकशाचे, हे कागदावर तोडून मागा. विमानाचं भाडं, व्हिसाची फी, वैद्यकीय तपासणी हे खरे खर्च आहेत आणि प्रत्येकाची पावती असते. पावतीविना जे उरेल ते 35,400 च्या वर का, याचं उत्तर त्याच्याकडं नसेल. बोर्डावर 'कन्सल्टन्सी' लिहिलं म्हणून किंवा रक्कम मोठी म्हणून काम पक्कं ठरत नाही. मोठी रक्कम मागितली की माणसाला उलट खात्री वाटते, एवढे घेतोय म्हणजे नेणारच. हा समज आपल्या भागात अनेक घरांना महागात पडलाय.

तुमच्या कर्जाचा हिशेबही बघा. खाजगीत शेकडा दोन रुपयांनी साडेसहा लाख उचलले तर महिन्याचं व्याज 13,000. कामाचा परवाना, व्हिसा, तिथलं लायसन्स यात आठ महिने गेले तर पहिली खेप भरायच्या आधीच 1,04,000 व्याज झालं, मुद्दल तसंच. माझं मत स्पष्ट आहे, जमीन यात घालू नका. वडील तयार आहेत ते प्रेमापोटी. जायचंच ठरलं तर पावतीच्या खर्चापुरतं सोनं बँकेत ठेवून कर्ज घ्या. तिथला व्याजदर वर्षाला लागतो, आणि बुडालं तरी पायाखालची जमीन शाबूत राहते.

पोलंडच्या नोकरीचा कामाचा परवाना तिथला मालक काढतो. त्यावर कंपनीचं नाव आणि तुमचं नाव असतं. आधी त्याची प्रत, मग पैशाची बोलणी. कंपनीचं नाव पोलंडच्या केआरएस या कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत फुकट शोधता येतं. तिथं दिलेल्या पत्त्यावर स्वतः इंग्रजीत चार ओळींचं पत्र टाका, की हा परवाना तुम्हीच दिलाय का. पर्यटनाच्या व्हिसावर 'तिथं गेल्यावर बदलून देतो' म्हणणाऱ्यावर, किंवा आधी रशियाला, मग पुढं, असा आडवाटेचा मार्ग सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आपल्याच कर्नाटकातल्या कलबुर्गीच्या तरुणांना साध्या नोकरीचं आमिष दाखवून रशियात नेलं आणि युद्धाच्या आघाडीवर उभं केलं, हे 2024 मध्ये सगळ्यांनी वाचलं आहे.

'दोन लाख' हा आकडाही फोडून घ्या. मूळ पगार किती, बाहेर असलेल्या दिवसांचा भत्ता किती? तिथल्या कंपन्यांमध्ये ड्रायव्हरच्या हातात येणाऱ्या पैशात भत्त्याचा वाटा मोठा असतो. गाडी बंद, आजारपण, सुट्टी, की भत्ता थांबतो. 45 तासांच्या विश्रांतीत राहण्याचा खर्च कोण देणार? लायसन्सचा खर्च कंपनी करणार असेल तर किती वर्षांचा बाँड, आणि मधेच सोडलं तर किती भरायचे? करार तुम्हाला कळणाऱ्या भाषेतही हवा. नोकरी लागल्यावर एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. भरती-उतरणीत तुम्ही काम करत असाल तर टॅकोग्राफवर हातोड्यांची खूण (काम) लावा, पलंगाची (विश्रांती) नको. पलंगाची लावायला सांगणारा मालक तुमची विश्रांती कागदावर दाखवून कामाचे तास चोरतो. दुसऱ्याचं कार्ड घालून चालव किंवा टॅकोग्राफला फसवायला सेन्सरला चुंबक लाव असं कुणी सांगितलं, तर ती नोकरी सोडायची वेळ आली.

मेहुण्याच्या सौदीबद्दल. ते पोलंडपेक्षा सोपं वाटतं, आणि काही बाबतींत आहेही. पगारावर आयकर नाही, आपली माणसं भेटतात, भाषेचं निभावतं. सौदीच्या कामगार कायद्याच्या 40 व्या कलमात भरतीचा खर्च, इकामा (राहण्याचा परवाना) आणि कामाच्या परवान्याची फी मालकानं द्यायची असं आहे. तेव्हा 'व्हिसाचे दोन लाख' मागणारा माणूस त्यांच्याच कायद्याच्या विरोधात मागतोय. तुम्ही एसएसएलसी, म्हणजे दहावी, पास नसाल तर पासपोर्ट ईसीआर (मंजुरी लागणाऱ्या गटातला) असेल आणि सौदीला जाताना उत्प्रवासन मंजुरी लागेल. तिच्यासोबत प्रवासी भारतीय विमा सक्तीचा असतो. हप्ता दोन वर्षांना 275 किंवा तीन वर्षांना 375 रुपये, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला दहा लाखांचं संरक्षण. पास असाल तरी अपघाताचा विमा घ्याच. मेहुण्याला तीन गोष्टी खोदून विचारा. पासपोर्ट स्वतःकडं आहे का? घरी सुट्टीवर किती महिन्यांनी येता येतं, आणि तिकीट कुणाचं? गाडीचा विमा अपघातात समोरच्याची भरपाई पूर्ण देतो का? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. तिथं अपघातात कुणी दगावलं तर भरपाईची रक्कम ठरते, विमा अपुरा असेल तर ड्रायव्हर अडकून पडतो. मालकाशी बिनसलं म्हणून न सांगता निघून गेलात तर मालक 'हुरूब' लावतो, म्हणजे कामावरून पळाल्याची नोंद, आणि मग तिथं काम करणंही अवघड, परतणंही.

आता दुसरं वाक्य, 'नाहीतरी मी घरी नसतोच'. तुम्ही महिन्याचे वीस-बावीस दिवस बाहेर असता. म्हणजे आठ-दहा दिवस घरी असता, आणि घर त्या दिवसांवर चालतं. सुगीला तुम्ही असता. चेन्नईत असताना वडिलांना बेळगावला दवाखान्यात न्यावं लागलं तर गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन दुसऱ्या दिवशी तुम्ही पोचता. पोलंडहून येताना आधी गाडी तळावर न्यावी लागेल, रजा मिळावी लागेल, मग विमान. युरोपचा नियम म्हणतो की ड्रायव्हरला दर चार आठवड्यांत तळावर किंवा घरी परतता येईल अशी कामाची आखणी मालकानं करावी. खानापूरच्या माणसासाठी तो तळ पोलंडातला.

आणि तुमच्या मागं तालुका कचेरीत उतारा काढणं, कन्नडमधला अर्ज भरणं, पीकेपीएसच्या (गावच्या शेती सोसायटीच्या) कर्जाचं नूतनीकरण, हे कोण करणार? बहुतेक हे सगळं तुमच्या घरच्या दिवसांत उरकत असणार. बायकोचा विरोध परदेशाला आहे, जमिनीला आहे, की हे सगळं एकटीवर येण्याला आहे, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. म्हणून आधी समजावू नका, विचारा. ती 'जमीन नको' म्हणत असेल तर ती बरोबर आहे. 'एकटीवर येतं' म्हणत असेल तर त्यावर उपाय निघतो. जॉइंट खातं, ठराविक कामांपुरतं नोंदणीकृत वटमुखत्यारपत्र, आणि भावकीतला एक माणूस, ज्याला तिनं हाक मारली की त्यानं यायचं, हे तुमच्यासमोर आधी ठरलेलं.

मला विचाराल तर आत्ता जाऊ नका, पण जायची तयारी आत्ता सुरू करा. पहिलं काम, 16 चाकीवरून 40 फुटी कंटेनर ट्रेलरवर या. बेळगावहून निर्यातीचा माल न्हावाशेवाला जातो. एखाद्या हुंडेकऱ्याकडं वर्षभर ते काम धरा, पगार थोडा कमी आला तरी चालेल. उलटं घेणं तिथंच शिकाल, आणि कंपनीच्या लेटरहेडवर गाडीचा प्रकार, टनेज आणि वर्षं लिहिलेलं इंग्रजी अनुभवपत्र हाती येईल. पुढं कुठल्याही देशात पहिल्यांदा मागतात ते हेच.

दुसरं, नावं जुळवा. आपल्याकडं एसएसएलसीच्या मार्कलिस्टवर नावापुढं आद्याक्षर, आधारवर पूर्ण नाव, लायसन्सवर आडनावाचं वेगळं स्पेलिंग, असं सर्रास असतं. आधी आधार एसएसएलसीप्रमाणे करा, मग पासपोर्ट, मग लायसन्स. पासपोर्टमधला आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. बेळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात हे काम होतं, हुबळीला जावंच लागतं असं नाही. अवजड लायसन्सची मुदत पाच वर्षांची असते. ती तुम्ही बाहेर असताना संपणार असेल तर आधीच तजवीज करा.

तिसरं, या वर्षात इंग्रजी एवढं शिका की बिल्टीसारखा तिथला 'सीएमआर' कागद वाचता येईल आणि फोनवर 'गेट कुठलं, वेळ किती, माल किती पॅलेट' एवढं बोलता येईल. आणि डोळे, साखर, कंबर तपासून घ्या. वैद्यकीय तपासणीत नापास होणं साडेसहा लाख दिल्यावर कळायला नको.

निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या ज्या ड्रायव्हरांनी आधीच पैसे दिलेत त्यांच्यासाठी. उरलेला हप्ता थांबवा. दिलेल्या पैशाचे बँकेचे किंवा फोनवरचे पुरावे, व्हॉट्सॲपवरचे निरोप, पासपोर्ट कुणाकडं आहे, हे तारखेनिशी एका कागदावर लिहा. पासपोर्ट आधी परत मागा, तो एजंटाकडं ठेवायची गरज नसते. मग जवळच्या पोलीस ठाण्यात आणि ई-मायग्रेटवर तक्रार करा. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा 1800 11 3090 हा नंबर फुकट आहे.

तुम्ही या आठवड्यात एजंटाकडं जा आणि त्याचा नोंदणी क्रमांक, परवान्याची प्रत आणि साडेसहा लाखांची फोड, तिन्ही लेखी मागा. जाताना बायकोला सोबत न्या. तो काय म्हणाला आणि बाहेर आल्यावर ती काय म्हणाली, दोन्ही मला लिहून कळवा.